चाळीस टनांची काठी

“या इमारतीत डोळे उघडे ठेवून राहणारा एकच माणूस आहे, आणि तो मी!”

सहाव्या मजल्यावरचा अर्जदार हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी म्हणायचाच. त्याचं खरं नाव इमारतीत कुणी घेत नसे. नळाचा दाब कमी झाला, जिन्यातला दिवा गेला, कुणाच्या कुंडीतलं पाणी खाली ठिबकलं, की हा कागद पुढे ओढायचा आणि शेवटी ठसठशीत सही ठोकायचा : ‘आपला संतप्त अर्जदार’. पुढे पुढे ‘आपला’ आणि ‘संतप्त’ गळून पडले आणि अर्जदार तेवढा उरला.

असा माणूस फसला तर कुणामुळे? सासऱ्यांमुळे! निदान त्याचं स्वतःचं मत अजून तेच आहे.

सासरे निवृत्त झाल्यापासून गळ टाकायला जात. आठवडाभर थोरल्या मुलीकडे जायचं होतं आणि मागे घरात रंगकाम निघालं होतं, म्हणून त्यांनी आपली लाडकी गळाची काठी धाकट्या जावयाकडे सांभाळायला दिली. काठीबरोबर पाऊण तासाचं व्याख्यानही दिलं.

“जावईबापू, ही साधी काठी नव्हे. ग्राफाइटची आहे.”

“म्हणजे पेन्सिलीची?”

“पेन्सिल कसली! कार्बनचे धागे, केसाहून बारीक! सगळे एका दिशेने मांडलेले, राळेत भिजवलेले. त्याचं कापड पोलादी सळईवर घट्ट गुंडाळतात, भट्टीत भाजतात आणि मग आतली सळई ओढून काढतात. उरते ती पोकळ नळी. हातात घेऊन बघा, वजन लागतंय का?”

“हो बाबा.” अर्जदाराचं लक्ष टीव्हीवरच्या सामन्याकडे होतं.

“वाकवली तर कमान होईल, मोडणार नाही. पण आडवा टोला बसला की संपली! आणि विजेच्या तारांखाली उंच धरायची नाही. का बरं?”

“हो बाबा.”

सासऱ्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि ते गेले. एवढ्या सगळ्यातून अर्जदाराने एकच गोष्ट उचलली. काठीच्या मुठीजवळ सोनेरी अक्षरांत छापलं होतं : ४० टन.

दुसऱ्या दिवशी काठी ऑफिसात हजर! “चाळीस टन!” अर्जदार सगळ्यांना सांगत सुटला. “मासा सोडा, भरलेला ट्रक लटकवा, हूं की चूं करणार नाही!” लोकांनी काठी हाताळली, माना डोलावल्या. दुपारी परत निघताना ती गाडीच्या डिक्कीत जरा तिरकी बसली. टोकाचा भाग दोन वीत बाहेर राहिला. चाळीस टन म्हटल्यावर कसली काळजी? अर्जदाराने झाकण दणकन आपटलं.

कट्!

आवाज कसला, नख कापल्याएवढा. पण काठीचे दोन तुकडे झाले होते.

“डिक्कीच्या झाकणाने मोडते? चाळीस टनांची काठी?” अर्जदार रस्त्यात उभा राहून ओरडला. “ही शुद्ध फसवणूक आहे!” कंपनीला लिहायच्या अर्जाची पहिली तीन वाक्यं त्याच्या डोक्यात तिथेच तयार झाली. मग त्याला आठवलं की कंपनी पावती मागेल, पावती सासऱ्यांकडे आहे, आणि सासरे शनिवारी काठी न्यायला येणार आहेत. रविवारी त्यांच्या मंडळाची वार्षिक स्पर्धा होती. गेल्या वर्षी त्यांचं पहिलं बक्षीस बोटभर लांबीच्या माशाने हुकलं होतं आणि त्या माशाबद्दल ते वर्षभर बोलत होते.  हे बायकोला कळता कामा नव्हतं आणि तिच्या बाबांना तर मुळीच नाही.

गळाच्या दुकानदाराने तुकडे निरखले. “सांधता येईल. ही कार्बनची बारीक नळी आत सरकवायची आणि चिकटवायची. मात्र बेताची बसेपर्यंत पॉलिश पेपरने घासावी लागेल. तोंडाला फडकं बांधा. आणि तिची भुकटी फार वाईट हं, ती कुठे उडाली तर...”

अर्जदार तोवर दुकानाबाहेर पोचला होता.

ऑफिस सकाळचं, त्यामुळे तो दोनला घरी. बायको शाळेत शिकवायची, ती पाचला घरी. मधले तीन तास मोकळे! पण घरात घासावं तर बायकोच्या पांढऱ्या फरशीवर काळी पूड. म्हणून त्याने गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यातली वरची चौकोनी जागा निवडली. तिथे कुणी फिरकत नसे. शेजारी एक कायम कुलूपबंद खोली होती. दाराला जाळी, आत कसलं तरी यंत्र अधूनमधून घुर्र करायचं. अर्जदार मान मोडून घासायचा आणि शेवटी बायकोचा हेअर ड्रायर लावून सगळी पूड जाळीतून आत उडवून द्यायचा. फरशी लख्ख! कुणाच्या बापाला कळणार नाही, म्हणून तो स्वतःवर भलताच खूश झाला.

मंगळवारी साडेतीनला लिफ्ट बंद पडली.

ती तासाभराने आपोआप सुरू झाली. बुधवारी पुन्हा बंद. गुरुवारी तर पाचव्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू कापडाच्या गठ्ठ्यांसकट वीस मिनिटं आत अडकल्या. अर्जदाराने आकाशपाताळ एक केलं! त्याने लिफ्टच्या कंपनीला अर्ज केला, वीज कंपनीला केला, चेअरमनना दोन केले.

घरात वेगळीच भानगड. “अहो, तीन दिवस डोकं नुसतं खाजतंय माझं! मानेला तर सुया टोचल्यासारखं होतंय.”

“शाम्पू!” अर्जदार गरजला. “भेसळ आहे त्यात!” आणि शाम्पूच्या कंपनीलाही एक अर्ज गेला.

शुक्रवारी त्याच्या आग्रहावरून मीटिंग भरली. अर्जदाराने चक्क एक तक्ता भिंतीवर लावला. “बघा! मंगळवार, साडेतीन. बुधवार, पावणेचार. गुरुवार, साडेतीन. हा योगायोग नाही. या इमारतीतला कुणीतरी रोज दुपारी काहीतरी उद्योग करतोय!”

“दुपारी घरी असतं कोण?” चेअरमननी विचारलं.

“तेच तर शोधायचंय!” अर्जदार टेबलावर हात आपटून म्हणाला.

ठराव त्यानेच लिहून आणला होता. लिफ्ट बिघडवणाऱ्याचं नाव फळ्यावर लागेल. लिफ्ट सुरू होईपर्यंत वरच्या मजल्यांवरचं सगळं सामान त्याने स्वतः वाहायचं. शेवटचं कलम त्याला फार आवडलं होतं, ते त्याने दोनदा वाचलं : ‘माफीचा अर्ज स्वीकारला जाणार नाही.’ ठराव एकमताने पास झाला. काकूंनी तर टाळ्या वाजवल्या.

शनिवारी दुपारपर्यंत काठी तयार! सांधा घट्ट बसला होता, वर काळा रंगही दिला होता. अर्जदाराने उरलीसुरली पूड गोळा केली आणि ड्रायरचा शेवटचा झोत जाळीत सोडला. तेवढ्यात मोबाइल वाजला.

“जावईबापू, लिफ्टमध्ये शिरतोय. दोन मिनिटांत वर.”

दोन मिनिटं झाली. पाच झाली. मग पाचव्या आणि सहाव्याच्या मधून भिंतीआडून आवाज आला, “जावईबापू! अहो, मी थांबलोय!”

मग काय विचारता! अर्जदाराच्या संतापाला धरबंध राहिला नाही. “एका वृद्ध गृहस्थांच्या जिवाशी खेळ!” तो जिन्यातून वरखाली धावत ओरडू लागला. दारं उघडली, सगळी इमारत जमली, शाळेतून लवकर आलेली बायको धापा टाकत चढून आली. “बाबा, घाबरू नका!”

“मी कुठे घाबरलोय? हा ओरडतोय तो घाबरलाय,” आतून उत्तर आलं.

लिफ्टवाला आला. वरच्या खोलीचं कुलूप काढून तो आत शिरला, हाताने चाक फिरवून त्याने लिफ्ट सहाव्यावर आणली आणि सासरे बाहेर पडले. मागोमाग लिफ्टवालाही खाली आला. त्याच्या हातात पॅनेलमधलं एक जळकं कार्ड होतं आणि बोटं काळीकुट्ट.

“इथे कुणी कोळसा दळत होता काय? पॅनेलभर ही पूड! सगळं शॉर्ट झालंय.”

“पुरावा!” अर्जदाराने झडप घातली. पूड कागदात घेऊन त्याने सगळ्यांसमोर धरली. “कुणी हात लावू नका! ही तपासली की गुन्हेगार सापडलाच म्हणून समजा!”

सासऱ्यांनी चिमूट घेतली. बोटांत चोळली, उजेडात धरली, चष्मा वर करून पाहिली.

“तपासायला कशाला हवी? कार्बन आहे हा. धाग्यांचा चुरा. यातून वीज धावते, म्हणून तर तारांखाली काठी उंच धरायची नाही. सांगितलं होतं ना मी?”

“हो बाबा,” अर्जदार सवयीने म्हणाला. मग त्याने काय ऐकलं ते त्याच्या डोक्यात उतरलं. हातातला पुराव्याचा कागद त्याने घाईघाईने पाठीमागे लपवला.

“माझी काठी आणता?”

काठी आली. सासऱ्यांनी तिच्यावरून हळूच बोट फिरवलं आणि ते टोकापासून दोन वीत खाली थांबलं. “इथे सूज कसली?”

 काकू अर्जदाराच्या काळ्या नखांकडे बघत होत्या. आणि बायको वर जिन्याच्या टोकाशी पडलेल्या आपल्या हेअर ड्रायरकडे बघत होती. त्याचं तोंड काळं ठिक्कर झालं होतं.

“अहो! तो ड्रायर मी केसांना लावते!”

“अगं, पण चाळीस टन लिहिलं होतं!” अर्जदार कळवळून म्हणाला. “चाळीस टनांची काठी मोडतेच कशी, ते आधी विचारा कंपनीला!”

“टन म्हणजे वजन नव्हे हो,” सासरे म्हणाले. “धागा किती ताठ आहे त्याचं माप आहे ते. जितके टन जास्त तितकी काठी ताठ, आणि तितकी लवकर तडकणारी.” त्यांनी ती सूज पुन्हा एकदा चाचपली. “सांधा मात्र बरा जमलाय.”

हे ऐकून अर्जदाराला खरोखर लाज वाटली. ओरडले असते तर त्याला उलट बोलता आलं असतं.

“मी एक लेखी...” त्याने चेअरमनकडे वळून सुरुवात केली.

“शेवटचं कलम,” चेअरमन म्हणाले.

लिफ्टवाल्याने सांगितलं, नवं कार्ड यायला वीस दिवस. काकूंनी तिथल्या तिथे चार गठ्ठे दाखवले. तेवढ्यात सासऱ्यांनी गुडघे चोळत जिन्याच्या पायऱ्यांकडे नजर टाकली.

“माझी उद्या सकाळी सातला स्पर्धा आहे. हे गुडघे सहा मजले उतरणार नाहीत. चेअरमनसाहेब, तुमच्या ठरावातल्या सामानात सासरा बसतो का?”

चेअरमननी ठराव उघडून नीट वाचला. “‘सगळं सामान’ असं लिहिलंय. बसतो.”

रविवारी सकाळी साडेसहाला वरात निघाली. अर्जदाराच्या पाठीवर सासरे, सासऱ्यांच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात जावयाची कॉलर. मागून बायको डबा घेऊन. प्रत्येक मजल्यावर दारं किलकिली होत होती आणि कुणीही खोटंसुद्धा हळहळत नव्हतं.

“आता निवांत वेळ आहे,” कानाशी आवाज आला. “सांगा, धागे कसे मांडतात?”

“एका... दिशेने, बाबा.”

“कापड कशावर गुंडाळतात?”

“पोलादी... सळईवर.”

“शाबास! मग काय करतात?”

“भट्टीत... भाजतात.” पाचवा मजला गेला. अर्जदाराच्या डोळ्यांत घाम उतरला होता, पण उत्तरं बरोबर येत होती. जन्मात पहिल्यांदाच तो सासऱ्यांचं ऐकत होता.

चौथ्या मजल्यावर सासरे जरा सावरून बसले. “आता शेवटचा प्रश्न. चाळीस टन म्हणजे ताठरपणा की वजन?”

अर्जदाराने कठडा धरला. उत्तर त्याला पक्कं ठाऊक होतं. पण काही झालं तरी तो अर्जदार होता, आणि अन्याय त्याला सहन होत नसे.

“वजन, बाबा!” तो कळवळून ओरडला. “वजनच!”

“चुकलं,” सासरे शांतपणे म्हणाले. “हरकत नाही, अजून चार मजले आहेत. पहिल्यापासून सांगतो.”