अर्धीच भरलेली कॅसेट

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, चार दिवसांवर आली होती आणि बहिणीला आणायला गेलेला रुपचंद एस. टी.तून एकटाच उतरला. लग्नानंतरची कमलची ही पहिली आखाजी. खान्देशातल्या सासुरवाशिणीला दिवाळी एक वेळ चुकली तर चालते, पण आखाजीला माहेर हवंच. तानुबाईंनी लेकीसाठी निंबाला झोका बांधून ठेवला होता. लेकाच्या मागे कोणी दिसेना, तेव्हा त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"एकलाच उना का रे? मनी पोर कोठे शे?"

"तिचे सासरे आबा पाठवत नाहीत," रुपचंद चपला काढत म्हणाला.

"कसाले?"

रुपचंदने चपला काढायला नको तितका वेळ लावला. "कॅसेटमुळे," तो शेवटी म्हणाला.

पारोळ्याच्या बाजारात रुपचंदचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. फक्त जे कानावर पडतं ते आपलंच, असं त्याला मनापासून वाटायचं, आणि त्याचा धंदाही त्याला तेच शिकवत होता. माघात कमलचं लग्न झालं तेव्हा गाण्याला भिकुबाईंना बोलावलं होतं. दहा गावांत त्यांच्यासारखी गाणारी नव्हती. याह्याच्या, म्हणजे व्याह्याच्या, तोंडाकडे बघायचं आणि तिथल्या तिथे त्याच्यावर गाणं जोडायचं, ही त्यांची हातोटी. कमलचे सासरे तोताराम आबा पिंपळनेरकडचे, सोसायटीचे चेअरमन, आणि त्यांचा फेटा त्यांच्याआधी मांडवात शिरला होता. भिकुबाईंना आणखी काय हवं होतं?

"याही आमना मोठा, त्याना फेटा मोठा,
फेटामा लपाडा लाडूसना साठा!"

मांडव हसून लोटपोट झाला. आबाही हसले, पण मिशीतल्या मिशीत. मात्र भिकुबाईंची रीत अशी, की ज्याला चिडवलं त्याची शेवटी मनधरणीही गाण्यातच करायची, हातावर गूळ ठेवायचा आणि मगच उठायचं. तशी त्यांनी ती केलीही. घोटाळा एवढाच झाला, की मांडवाच्या खांबाला टांगलेल्या रुपचंदच्या टेपातली कॅसेट साठ मिनिटांची होती आणि भिकुबाईंची थट्टा एकसष्ट मिनिटं चालली. मनधरणी सुरू व्हायच्या आत कॅसेट संपली.

घरची आठवण म्हणून भरलेली ती कॅसेट रुपचंदने दुकानात सहज लावली आणि गिऱ्हाइकं थबकली. आठ दिवसांत तिच्यावर रंगीत कागद चढला. "खान्देशी लग्नातली धमाल गाणी. सादरकर्ते : रुपचंद." भिकुबाईंचं नाव घालायला कागदावर जागा उरली नाही, कारण रुपचंदने आपला फोटो जरा मोठा घेतला होता. भिकुबाईंना विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. मांडव आपला, टेप आपला, बहीण आपली, मग गाणं कोणाचं?

कॅसेट गावोगाव वाजू लागली. मुक्ताईनगरकडच्या एका लग्नात तिच्या भरवशावर विहिणींनी याह्याचा फेटा खरोखरच झाडून पाहिला. त्यातून एक लाडू निघाला आणि वऱ्हाड जेवायचं थांबलं. इकडे पिंपळनेरकडे एस. टी. स्टँडच्या टपरीवर दिवसभर तेच गाणं. तोताराम आबा सोसायटीच्या सभेत उभे राहिले की मागच्या रांगेतून कोणीतरी लाडूचा भाव विचारायचं. आबांनी वैतागून फेटा खुंटीला टांगला आणि ते बोडक्या डोक्याने फिरू लागले. आता आमच्याकडे तीस वर्षं फेटा बांधणारा माणूस उघड्या डोक्याने दिसला तर लोक एकच अर्थ काढतात. दोन दिवसांत आबांच्या ओट्यावर माणसं येऊन माना खाली घालून बसली आणि कोण गेलं म्हणून हळूच विचारू लागली. काय सांगणार आबा? लाजेपोटी त्यांनी एका दूरच्या चुलत्याला मारलं, तर तो तिसऱ्या दिवशी भेटायला आला.

रुपचंद बहिणीला आणायला गेला तेव्हा आबांनी चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "रुपचंदभाऊ, माझा फेटा तुमच्या मांडवात उतरला. तो माझ्या डोक्यावर आणून ठेवा आणि बहीण घेऊन जा." दाराआड उभ्या कमलच्या बांगड्या वाजल्या. ती रडत होती, हे रुपचंदला बघायची गरज नव्हती.

परतताना धुळ्याला गाडी बदलताना एका दुकानात त्याला आपलीच कॅसेट दिसली. कागद दुसरा, फोटो दुसऱ्याचा. रुपचंदचं रक्त उसळलं. "ही चोरी आहे," तो म्हणाला. "हे माझं आहे."

दुकानदाराने कॅसेट लावली, थोडी ऐकली आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आवाज तर बाईचा आहे, भाऊ. आपण गाता का?"

हे त्याने आईला सांगितलं नाही. तो तसाच भिकुबाईंच्या दारात गेला. त्या तूर निवडत होत्या. "ये भाऊ, बस," त्या म्हणाल्या. "आते मनं काय काम? तुना डबामा शे ना मी."

"अक्का, चुकलं. आबा कमलला पाठवत नाहीत, तुम्ही समजूत काढायला चला. मी तुमचा वाटा देतो."

"माले मनी मावशीनी शिकाडं. मंग तिले बी दे वाटा, मसनमा जाईसन."

रुपचंदला थोडा धीर आला. "म्हणजे गाणं तुमचंही नाही."

"नही शे."

"मग माझं चुकलं काय?"

भिकुबाईंनी सूप खाली ठेवलं. खरंच उत्तर शोधत असाव्यात. "ते माले सांगता येत नही," त्या म्हणाल्या. "पन गया महिनामा अमयनेरले लगीन व्हतं. मी गाणं सुरू करं, तं म्हने, अक्का, थांब, कॅसेट चालू शे. मनाच आवाजनी माले चूप बसाडं, भाऊ."

रुपचंदला पहिल्यांदा आपली लाज वाटली, आणि ती चांगलीच वाटली.

"कमलसाठी येसू मी," भिकुबाई पुन्हा सूप उचलत म्हणाल्या. "पन तुना डबा घर ठेव."

दुसऱ्या दिवशी आबांच्या ओट्यावर भिकुबाई बसल्या. गाव जमलं, काही जण अजून सांत्वनालाच आले होते. भिकुबाईंनी आबांच्या बोडक्या डोक्याकडे आणि फुगलेल्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं आणि सुरू केलं.

"फेटा नही हाऊ, हाई आंबानी सावली,
त्याना खाले बठनी आमनी बाहुली..."

लग्नातलं गाणं हे नव्हतंच. हे आताचं होतं, या ओट्याचं, दाराआड उभ्या पोरीचं. रुपचंदने हजारो कॅसेटी भरल्या होत्या, पण असं काही ऐकलं नव्हतं. त्याचा अंगठा हातात नसलेल्या टेपचं बटण शोधत होता. गाणं संपलं, भिकुबाईंनी आबांच्या हातावर गूळ ठेवला. आबा उठले, आत गेले, फेटा बांधून आले आणि त्याच्या शेमल्याने डोळे पुसले.

मग ते रुपचंदकडे झुकले. "भरलं ना?"

"काय, आबा?"

"गाणं. टेपात."

"टेप आणलाच नाही. अक्कांनी नको सांगितलं होतं."

"अहो, लग्नात न विचारता भरलंत, आणि आता मी तोंडाने सांगतोय तर नाही?" आबांचा फेटा थरथरू लागला. "लाडू अर्ध्या खान्देशाने ऐकले. सावली कोण ऐकणार? खिशात छोटा टेप लपवून आणायचा, एवढीही अक्कल नाही?"

मग त्यांनी भिकुबाईंना पुन्हा गाण्याची विनंती केली. भिकुबाई हसल्या. "आते तुम्हना तोंडवर राग नही, आबा. कोना तोंड देखीसन म्हनू?"

आबांनी कमलला पाठवलं, पण रुपचंदशी ते बोलले नाहीत. माणूस खरा वागला म्हणून रुसलेला याही रुपचंदने पहिल्यांदाच पाहिला. घरी येऊन त्याने मूळ कॅसेट पुसून कोरी केली. गावोगाव गेलेल्या कॅसेटींचं काय करायचं हे त्याला कळलं नाही. ते कोणालाच कळलं नसतं.

आखाजीला कमल झोक्यावर बसली, दोन झोके घेतले आणि ओट्यावरचं ते गाणं अथपासून इतिपर्यंत म्हणू लागली. बाजूच्या बाया ओळ धरून घेऊ लागल्या. निंबाखाली भिकुबाई बसल्या होत्या. रुपचंद त्यांच्याजवळ सरकला.

"अक्का, हिनं कुठं विचारलं तुम्हाला? ही चोरी नाही का?"

भिकुबाई कान देऊन ऐकत राहिल्या. "ती गाणं लई गई," त्या म्हणाल्या. "तू मना गळा लई गया व्हता."

झोका येत जात होता, गाणं दुसऱ्यांदा सुरू झालं होतं. रुपचंदला आतून भरून आलं आणि न राहवून तोही बायांच्या मागे गाऊ लागला. दोन ओळींत झोका थांबला. बाया वळून बघू लागल्या. कमलने तोंडाला पदर लावला.

भिकुबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "म्हन भाऊ, बिनघोर म्हन," त्या म्हणाल्या. "तुना गळा कोनी लई जावाव नही."