स्वयंपाकघरातून जाणारी हक्काची वाट

“नकाशा?” पॉबजॉय मास्तर एवढ्या मोठ्यांदा हसले की कुंपणावरचा कावळा उडून गेला. “अगं ग्लेनिस, अख्ख्या श्रॉपशर परगण्यातली एकूण एक पाऊलवाट मला तोंडपाठ आहे! नकाशेवाले मला विचारून नकाशे काढतात!”

नकाशेवाल्यांनी त्यांना कधीही काहीही विचारलेलं नव्हतं. पण आयुष्यभर पोरांना भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने एवढं तरी बोलू नये, तर मग निवृत्त कशाला व्हायचं?

“नकाशाचं मरू दे.” ग्लेनिसने नवऱ्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली. ती कॉलर सारखी करू लागली की पुढे दम मिळतो, हे मास्तरांना ठाऊक होतं. “नीट ऐक, मर्विन. विहीणबाई पहिल्यांदा येताहेत. त्यांना लग्न वुल्व्हरहॅम्प्टन शहरातल्या त्या हॉटेलात हवंय. आपल्या टॅमसिनला हवंय इथल्या चर्चमध्ये. पोरगी रडून रडून अर्धी झालीय. तेव्हा आज त्यांना गाव दाखवायचं, गोड बोलायचं आणि पबात नेऊन जेवायला घालायचं. सडकेनं जायचं, सडकेनं यायचं. आणि त्या डेअरी कॉटेजच्या वाटेचं नाव काढायचं नाही!”

“मी? मी कशाला नाव काढीन?” मास्तर म्हणाले, आणि तेव्हा ते खरोखर मनापासून बोलत होते.

आता ही वाट म्हणजे काय भानगड, ते सांगायला हवं. ती सुरू होते थेट मास्तरांच्या परसातल्या फाटकापासून. मेंढ्यांच्या कुरणातून उतरते, ओढा ओलांडते आणि खालच्या ॲस्टन कूम गावातल्या पबाशी संपते. मध्ये येतं डेअरी कॉटेज. पूर्वी तिथे एका अंगाला गोठा होता, दुसऱ्या अंगाला दूधघर, आणि मधून वाट. पुढे कुणा हौशी मालकाने दोहोंवर मिळून एक छप्पर टाकलं आणि मधल्या जागेत झकास स्वयंपाकघर केलं. स्वयंपाकघर आलं, पण वाट काही हलली नाही! आमच्याकडे वाट एकदा वाट ठरली की ठरली. त्यामुळे मागच्या दाराने आत, शेगडीला वळसा, पुढच्या दाराने बाहेर, हा जाणाऱ्या-येणाऱ्याचा कायदेशीर हक्क.

तिथले म्हातारे कर्नल ट्रबशॉ यांना हे कधी आवडलं नाही, पण त्यांनी कधी अडवलंही नाही. मास्तर स्वयंपाकघरातून जात, कर्नल पेपरातून डोकं वर न काढता “मॉर्निंग” म्हणत. एवढ्यावर दोघांची वर्षानुवर्षांची मैत्री होती. गेल्या पानगळीत कर्नल वारले आणि घराला कुलूप लागलं. तेव्हापासून मास्तरांच्या जिवाला घोर. वारसदार आले, त्यांनी दार चिणलं तर? माणसं चालायची थांबली की वाट मेली म्हणून समजा!

असो. विहीणबाई आल्या. डोरीन हॅकेट. वुल्व्हरहॅम्प्टनात गालिच्यांचं मोठं दुकान चालवलेली, नवरा गेल्यावरही एकटीने रेटलेली आणि यंदाच विकून टाकलेली बाई. कुठलीही गोष्ट दिसली की आधी चिमटीत धरून तिचा पोत बघायची सवय. मास्तरांच्या कोटाचाही बघितला. “बरा आहे,” म्हणाल्या. “विटलाय.”

ग्लेनिस रोस्ट करायला घरी थांबली नसती तर पुढचं काही घडलं नसतं. पण संध्याकाळी पोरं जेवायला यायची होती. तेव्हा मास्तर आणि विहीणबाई, दोघेच निघाले.

“हे बघा!” चर्चपाशी मास्तरांनी हात पसरले. “बाराव्या शतकातलं दार!”

“वारा येत असेल,” विहीणबाई म्हणाल्या. “गाड्या कुठे लावायच्या?”

“आणि हा यू वृक्ष! चर्चच्याही आधीचा!”

“अंधार करतो. गाड्या कुठे म्हणालात?”

चौकात चोरांचे पाय अडकवायचा जुना लाकडी खोडा आहे. तो दाखवला, तर विहीणबाई त्यावरच बसल्या आणि बुटातला खडा काढला. ओढ्यावरचा कमानीचा दगडी पूल दाखवला. त्यांनी त्याला काठीने ठोकून बघितलं. “हॉटेलात लिफ्ट आहे,” त्या म्हणाल्या. “गालिचा माझ्याच दुकानातला. अहो मर्विन, खरं सांगा, इथे असं काय आहे जे वुल्व्हरहॅम्प्टनात नाही?”

झालं! मास्तरांच्या मस्तकाची शीर उडायला लागली. समोर दोन रस्ते होते. डावीकडे पबाकडे जाणारी डांबरी सडक, उजवीकडे कुंपण ओलांडायच्या दोन लाकडी पायऱ्या आणि पलीकडे ती वाट. ग्लेनिसचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. कॉलरही आठवली. पण तोवर एक पाय पायरीवर पडला होता.

“काय नाही विचारता? चला! चारशे वर्षांची वाट दाखवतो!”

कॉटेजच्या मागे पोचतात तो काय! खांबावरची वाटेची पिवळी खूण गायब! नीट बघितलं तर खुणेवर कुणीतरी फुलांची भलीमोठी टोपली टांगून ठेवलेली. मास्तर लाल झाले. त्यांनी टोपली उतरवून जमिनीवर ठेवली, छाती पुढे काढली आणि म्हणाले, “या माझ्यामागून. भांडण होईल. घाबरू नका!”

“मी?” विहीणबाई म्हणाल्या. “मी दिवाळीखोरांकडून वसुली केलीय.”

मास्तरांनी दार ढकललं. आत ताज्या पावाचा घमघमाट सुटला होता. टेबलावर केक, फुलदाणीत फुलं आणि मध्ये एक सडपातळ, नटूनथटून उभी असलेली बाई. मास्तरांनी तोंड उघडलं, “मॅडम, कायद्यानं आम्हाला...”

“आलात!” बाई आनंदाने ओरडली. “आणि मागच्या दारानं! किती छान, अगदी घरच्यासारखं! मी इमोजेन. कर्नलांची भाची. बसा ना! केक घ्या!”

मास्तरांनी रात्र-रात्र जागून तयार केलेलं भाषण तिथेच संपलं. हातात केकची बशी आली. कर्नलांनी इतक्या वर्षांत कधी पाण्याचा घोट विचारला नव्हता!

“तुमच्याकडचे लोक वाटेनं जाणाऱ्याला केक देतात?” विहीणबाईंनी हळूच विचारलं.

“नेहमीच!” मास्तर म्हणाले. थाप होती, पण विहीणबाईंच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी हललं होतं. ते बघून मास्तरांना एकदम हुरूप आला. लग्न चर्चमध्ये! नक्की!

“घर सगळं बघा हं,” इमोजेन म्हणाली. “वरसुद्धा!”

वर? वाट वर जात नाही! पण एवढ्या प्रेमाने म्हणतेय तर नाही कसं म्हणायचं? नकार देणं म्हणजे उद्धटपणा. मास्तर जिना चढले. पण त्यांच्या मागून येणाऱ्या विहीणबाईंनी जे सुरू केलं, ते बघून त्यांना घाम फुटला. बाई परक्याच्या घरातली कपाटं उघडत होत्या! भिंतींवर टकटक करत होत्या! खाटेखाली वाकून बघत होत्या!

“विहीणबाई!” मास्तर कुजबुजले. “अहो, असं करत नाहीत!”

“ओल आहे,” विहीणबाई मोठ्यांदा म्हणाल्या.

इमोजेनचा चेहरा उतरला. “अगदी थोडी,” ती म्हणाली. “फक्त पावसाळी हवेत.”

“म्हणजे बाराही महिने.”

परक्या बाईला तिच्या घराची ओल तोंडावर सांगायची! मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि इमोजेन तरी बघा, रागवायचं सोडून आणखीच गोड बोलत होती. “बाथरूम मात्र फार ऐसपैस आहे हं!” म्हणत तिने दार उघडलं.

आत टबात एक गृहस्थ बसले होते. अंगावर फेस, हातात पुस्तक, डोळ्यांवर चष्मा. बाकी काही नाही.

“पिअर्स!” इमोजेन नवऱ्यावर किंचाळली. “साडेअकराला बाहेर ये म्हटलं होतं ना!”

अशा वेळी सभ्य माणसाने काय करायचं असतं? मास्तरांनी छताकडे बघितलं आणि म्हणाले, “हवा छान पडलीय, नाही?”

“हो ना,” पिअर्स पुस्तक योग्य जागी धरत म्हणाला. “संध्याकाळी पाऊस म्हणतात.”

“असेल, असेल.”

एवढ्यावर दोन सभ्य पुरुषांमध्ये सगळं मिटलं असतं. पण विहीणबाई पुढे झाल्या, वाकल्या आणि त्यांनी टबात बोट बुडवलं! “पाणी कढत येतंय,” त्या म्हणाल्या. “बॉयलर नवा दिसतो.”

मास्तर जिना कसा उतरले, ते त्यांनाच माहीत. खाली येऊन ते केकची बशी हातात घेऊनच दाराकडे निघाले. बाहेर पडायचं, पळायचं, एवढंच डोक्यात होतं. आणि नेमकी तेव्हाच इमोजेन म्हणाली, “सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शांतता! इथे चिटपाखरू फिरकत नाही!”

मास्तर थांबले. वळले. ग्लेनिस, कॉलर, लेकीचं लग्न, सगळं सगळं विसरले.

“फिरकत नाही? मॅडम, आम्ही कोण आहोत? या शेगडीपासून त्या दारापर्यंत सार्वजनिक वाट आहे! चारशे वर्षांची! कुणीही यावं! रविवारी आमचा अख्खा चालणाऱ्यांचा क्लब येईल! चिखलाच्या बुटांसकट, कुत्र्यांसकट! तुम्ही जेवायला बसा नाहीतर गाऊन घालून चहा करा, तुम्हाला अडवता येणार नाही! त्या खुणेवर टोपल्या टांगून वाट लपत नसते!”

पुढचं दार उघडंच होतं. दारात एक तरुण जोडपं उभं होतं. बायकोचा हात पोटावर, नवऱ्याच्या हातात घराची छापील माहिती.

“माफ करा,” नवरा म्हणाला. “आम्हाला बाराची वेळ दिली होती. हे... स्वयंपाकघरातून म्हणालात?”

“बरोब्बर मधून!” मास्तर अभिमानाने म्हणाले.

“फार सुंदर घर आहे हं,” बायको म्हणाली. “आम्ही कळवतो.”

आमच्याकडे ‘आम्ही कळवतो’ म्हणजे काय, ते इमोजेनला समजलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ती सावकाश फरशीवर बसली, तिथेच, शेगडीजवळ.

“मग तुम्ही कोण?” तिने खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

“आम्ही? आम्ही वाटेनं चाललो होतो.”

“म्हणजे घर विकत घ्यायला नाही आलात?”

“घर? कुणाचं घर?” मास्तर म्हणाले. आणि मग त्यांनी पुढच्या दारातून बाहेर बघितलं. सडकेच्या बाजूला ‘विकणे आहे’ची पाटी दिमाखात उभी होती. मागून येणाऱ्याला ती दिसायचं कारणच नव्हतं. मास्तरांच्या हातातली बशी खाली पडून फुटली. आपण परक्या माणसाच्या न्हाणीघरात शिरलो! केक खाल्ला! गिऱ्हाईक पळवलं! आणि हे सगळं विहीणबाईंसमोर! आता कसलं चर्च आणि कसलं काय! टॅमसिनला काय तोंड दाखवायचं? त्यांना खरोखर रडू येऊ लागलं.

“मी घेते,” विहीणबाई म्हणाल्या.

“केक?” मास्तरांनी विचारलं.

“घर.”

वर टबाचं बूच निघालं आणि पाणी गळगळत वाहून गेलं.

“हा कागद टेबलावरच पडला होता,” घराची माहिती फडकावत विहीणबाई म्हणाल्या. “मी आल्या आल्या वाचला. तुम्हाला नाही दिसला, मर्विन? भूगोलाचे मास्तर ना तुम्ही?” मग त्या इमोजेनकडे वळल्या. “ओल आणि ही वाट, दोन्ही धरून भाव बोलू. वाट ऐकल्यावर दुसरं कुणी घेणार नाही, हे तुलाही कळलंय, पोरी. ऊठ, फरशी गार आहे.”

“पण विहीणबाई!” मास्तरांचा आवाज चिरकला. “अहो, दिवसभर अनोळखी लोक घरातून जातील!”

“म्हणून तर!” त्या खुर्चीत टेकल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा हलला. “दुकानात दिवसभर माणसं असायची. भांडायची, घासाघीस करायची, पण असायची. आता सकाळी उठते तर बोलायला केटली. इथे नुसतं दार उघडं ठेवलं की माणूस आत! आणि तेही कायद्यानं!” त्यांनी डोळे पुसले आणि केकचा दुसरा तुकडा घेतला. “लग्न तुमच्याच चर्चमध्ये करू. जवळ पडेल मला. गाड्या त्या मेंढ्यांच्या कुरणात लावू.”

संध्याकाळी मास्तरांनी ही बातमी सांगितली तेव्हा टॅमसिन त्यांच्या गळ्यात पडली. ग्लेनिसच्या डोळ्यांत पाणी आलं. “मर्विन, तू करून दाखवलंस! पण त्यांचं मन वळवलंस तरी कसं?”

मग मास्तरांनी बाकीचं, विहीणबाईंनी घेतलेल्या घराचंही, सांगितलं. ग्लेनिसने हातातला रोस्टचा ट्रे टेबलावर आदळला. आणि एवढंच म्हणाली, “इथे?”

इथेच. लग्न थाटात झालं. वाट आता इतकी जिवंत आहे की विचारू नका. लांबलांबून माणसं येतात, विहीणबाईंच्या शेगडीपाशी बसतात, गप्पा मारतात आणि वाटच विसरतात. मात्र वाट दोन्ही बाजूंनी चालते, हे मास्तरांच्या इतकी वर्षं कधी ध्यानात आलं नव्हतं. रोज सकाळी ते अंडं फोडायला घेतात न घेतात, तोच कुरणातून काठी ठोकत विहीणबाई वर येतात. मास्तरांच्या पडद्यांचा पोत बघतात. परसातली भाजी चुकीच्या जागी लावल्याचं सांगतात. भूगोलावरही बोलतात. दुपारच्या जेवणापर्यंत थांबतात आणि रविवारी संध्याकाळच्याही जेवणापर्यंत.

परवा मास्तर पबात आले. सडकेने, लांबच्या वळणाने. त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या वकिलाला गाठलं, त्याच्यासमोर बिअरचा ग्लास ठेवला आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारलं,

“काय हो, समजा एखादी सार्वजनिक वाट कायमची बंद करायची असेल, तर काय करावं लागतं? नाही, आपलं सहज विचारतोय!”