पर्याय तीनच आहेत

बलाढ्य राष्ट्राला दुसऱ्याच्या भांडणात पडण्यापूर्वी आपल्या नागरिकांचं मत घ्यावं लागतं, आणि मत घ्यायचं तर नागरिक घरी सापडावे लागतात. म्हणून युद्ध आणि शांतता या दोन्हींचा निर्णय सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळातच होतो (रविवार आणि सुट्ट्या वगळून).

हे पवित्र काम करणारं मतमापन कार्यालय एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. लाकडी फळ्यांनी पाडलेले चाळीस कप्पे, प्रत्येकात एक खुर्ची, एक फोन, एक माणूस आणि एक बावीस पानी नियमपुस्तिका. फोनवर अधूनमधून खालून किंकाळी ऐकू येते. तिचा विषयाशी संबंध नसतो, असं प्रतिसादकाला सांगायचं असतं.

चौदाव्या कप्प्यातल्या बाईंना सगळे इस्त्रीबाई म्हणत, कारण अकरा वर्षांत त्यांच्या आवाजाला एकदाही सुरकुती पडली नव्हती. भूकंप असो, दुष्काळ असो की नवा साबण (कार्यालय साबणावरही मत घेतं; त्यावर लोक जास्त वेळ बोलतात), प्रश्न एकाच पट्टीत. नियमपुस्तिकेच्या चौथ्या पानानुसार प्रतिसादकाच्या बोलण्यावर फक्त "हं" म्हणायची मुभा आहे. तेही आखूड. लांबलं की लोकांना ती सहानुभूती वाटते. नव्या भरतीला इस्त्रीबाईंचं "हं" नमुना म्हणून ऐकवत असत.

त्या आठवड्यातली प्रश्नावली नऊ प्रश्नांची होती. देशाला सगळीकडे "संबंधित देश" म्हटलं होतं, कारण नाव कळलं की मत कलुषित होतं. पहिला प्रश्न होता, "संबंधित देशाचं नाव आपण ऐकलं आहे का?" बासष्ट टक्के लोकांनी ऐकलं होतं. तिथे लढणाऱ्या दोन गटांपैकी आपण कुणाच्या बाजूचे, या प्रश्नावर एका गृहस्थांनी "आपण म्हणजे आपला देश कुणाच्या बाजूचा?" असं उलट विचारलं. त्यांना ठरलेलं उत्तर देण्यात आलं की, ते आपल्या उत्तरावरून ठरेल. हस्तक्षेप करावा म्हणणाऱ्यांपैकी एकोणतीस टक्क्यांची अट होती की मुलांच्या परीक्षा होऊन जाऊ द्याव्यात. करू नये म्हणणाऱ्यांपैकी जवळजवळ तेवढ्यांनाच वाटत होतं की तो केव्हाच झालाय, आता परत या. लोकशाहीत याला कौल म्हणतात.

मंगळवारी साडेबाराला यंत्राने पुढचा क्रमांक फिरवला. फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला. (हेच मुळात संशयास्पद होतं.)

"नमस्कार. मी मतमापन कार्यालयातून बोलतेय. आपल्या राष्ट्राने—"

"अगं बाई! आला का तुमचा फोन!" पलीकडची बाई ओरडली. मग तिने तोंड वळवून कुणाला तरी सांगितलं, "अहो ऐकलंत का, त्यांचा फोन आलाय! खरंच आलाय!" मागे टाळ्या वाजल्या. कुणीतरी रडायला लागलं.

झालं होतं ते असं. मागच्या हस्तक्षेपात आपल्या विमानांनी संबंधित देशाचं टेलिफोन केंद्र उडवलं. मग मोठ्या मनाने आपणच ते बांधून दिलं, आणि बांधताना क्रमांकांची मालिका आपल्याच कोठारातली दिली. यालाच पुनर्बांधणी म्हणतात. तेव्हापासून तिकडचे काही फोन इकडच्या यादीत होते, आणि आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

बाई बेकरीवाली होती. बेकरीच्या तळघरात तिच्यासह एकतीस माणसं होती. एका गटाच्या तोफा सकाळीच गल्लीच्या तोंडाशी आल्या होत्या, दुसऱ्याच्या पुलापलीकडे होत्या.

इस्त्रीबाई "हं" म्हणाल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"नाव ऐकलंय का म्हणजे? मी तिथेच बसलेय."

"म्हणजे हो?"

"हो."

प्रश्न पाच: संबंधित देशातल्या परिस्थितीचा आपल्या दैनंदिन जीवनावर काही परिणाम झाला आहे का? अजिबात नाही, थोडासा, बराच. फोनमध्ये काहीतरी कोसळल्याचा आवाज आला. "बराच लिहा," बेकरीवाली म्हणाली.

एव्हाना दुसऱ्या फोनवरून ऐकत असलेल्या साहेबांनी चिठ्ठी पाठवली होती: "बाद. नियम सतरा." विषयाशी ज्याचा वैयक्तिक संबंध आहे त्याचं मत पक्षपाती धरावं, असं नियम सतरा सांगतो. ज्याच्या घरावर तोफ रोखलेली आहे तो तोफेबद्दल शांतपणे विचार करूच शकत नाही. मात्र नियम अठरा असा की सुरू केलेली प्रश्नावली पूर्ण करावी. म्हणून इस्त्रीबाई नवव्या प्रश्नापर्यंत पोचल्या. आपल्या राष्ट्राने हस्तक्षेप करावा का? हो, नाही, सांगता येत नाही.

बेकरीवालीने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"मागे तुम्ही आलात तेव्हा माझा दीर गेला," ती म्हणाली. "तुमच्याच बॉम्बने. चुकून पडला म्हणून पत्र आलं होतं, फार चांगलं लिहिलं होतं. त्याच्या आधी तुम्ही आला नाहीत, तेव्हा वडील गेले. तुम्हीच सांगा, काय सांगू?"

"पर्याय तीनच आहेत."

"थांबा, सगळ्यांना विचारते." तळघरात एकच गलका झाला. एक म्हातारा "नकोत मेले!" म्हणून ओरडत होता आणि त्याचीच सून "येऊ द्यात, कुणीही येऊ द्या," म्हणत होती. मग बेकरीवालीचा आवाज पुन्हा आला. "असं करा. विमानं नकोत. त्या दोघांना दम देऊन पूल तेवढा दोन तास मोकळा ठेवायला लावा. तुमचं दोघंही ऐकतात, बंदुका तुमच्याच आहेत. आम्ही चालत जाऊ. हे तुमच्या कितव्या नंबरात बसतं?"

"मी सांगते वर," इस्त्रीबाई म्हणाल्या. हे वाक्य बावीस पानांत कुठेही नव्हतं, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज सरळ चुरगळला.

"सांगा हं. आम्ही वाट बघतो," बेकरीवाली म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

इस्त्रीबाईंनी पेनाने चौथा चौकोन काढला आणि त्यापुढे "पूल, दोन तास" असं लिहिलं. यंत्राने तो कागद गिळून "सांगता येत नाही" या रकान्यात टाकला. ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं असे चारशे सहा नागरिक तिथे आधीपासून होते. त्यांच्यात आता सगळंच ठाऊक असलेली एक बाई बसली, आणि यंत्राला काही फरक जाणवला नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळेसुद्धा पुसले. "पण बाई, अहवाल पाचला वर जातो, आणि वर जे ठरतं ते अहवालातल्या पर्यायांमधूनच ठरतं. बारा नागरिकांनी तोच वेगळा पर्याय मांडला तर त्याला स्वतंत्र रकाना मिळतो. नियम एकवीस. तिचं धरता येत नाही, ती पक्षपाती आहे."

इस्त्रीबाई कप्प्यात जाऊन बसल्या. जेवायला उठल्या नाहीत. नवव्या प्रश्नानंतर प्रत्येकाला त्या म्हणायच्या, "तिथे एक पूल आहे हो. एकतीस माणसांना चालत जायला दोन तास पुरतात." हा धडधडीत नियमभंग होता. साहेबांनी तो ऐकला आणि आपला फोन हळूच खाली ठेवला. बऱ्याच लोकांनी लगेच फोन आपटला. पण एका दूधवाल्याने विचारलं, "दोनच तास? मग विचारत काय बसलाय, ठेवा की मोकळा!" एका आजीबाईंनी चार तास ठेवा म्हणून हट्ट धरला, लहान मुलं हळू चालतात म्हणून. साडेचारपर्यंत अकरा झाले.

मग पंचवीस मिनिटं कुणी उचललंच नाही. पाचला पाच कमी असताना एक फोन लागला. सहा घंटा झाल्या, आणि तुम्ही उचललात. इस्त्रीबाईंना धाप लागली होती, त्यांनी आठही प्रश्न गाळून थेट पुलापासूनच सुरुवात केली. तुम्ही चिडला नाहीत, फोनही आपटला नाहीत. अगदी सभ्यपणे म्हणालात, "आत्ता नको, जरा पाच मिनिटांनी करा. एक गोष्ट वाचायला घेतलीय, संपतच आलीय."