दरीतल्या बुढाबुढीची खबर

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर शेषरावकाका वळतात ते हॉर्न वाजवून. गाडी नसते. पायात स्लीपर, हातात दुधाची पिशवी आणि तोंडानं "पों पों!" मग क्षणभर थांबून कानोसा घेतात आणि डाव्या अंगानं वळतात. राजापेठेत दिवसभर दुचाक्यांचा गोंगाट, त्यामुळे नवा माणूस आधी बाजूला उडी मारतो आणि मग पाहतो, तर समोर सत्तरीचे काका.

घरातही तेच. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आले की "पों!"

"आंधळं वळण हाय तुह्याकडं, सुमन. तू उकळतं भांडं घेऊन बाहीर निंगशील, अन् मी आत येईन. मंग?"

मी हातातलं भांडं खाली ठेवते. मी घरी बसून फुलांचे हार ओवते. चार बाया जमल्या की माझं तोंड शिवल्यासारखं होतं.

काकांनी पस्तीस वर्षं अमरावतीहून चिखलदऱ्याला भाड्याची जीप नेली. एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. कारण विचारलं की म्हणतात, "नजर रस्त्यावर. दरीकडं पाहिलं का दरी बलावते." मागं बसलेले लोक 'अहाहा' करत, तेव्हा काका पुढचं वळण पाहत. वर पोचले की लोक दरीच्या काठाला जात आणि काका गाडीखाली शिरून ब्रेक तपासत. रोज दरीच्या कडेनं गेलेल्या या माणसानं दरी म्हणून पाहिली नव्हती.

दरी पाहायचं काम वच्छलाकाकूंचं. त्या शेजारच्या सीटवर बसून जात, वर उकडलेल्या शेंगा विकत आणि संध्याकाळी परत येत. घाट उतरताना त्या दरीतली बातमी काकांना सांगत आणि काका ती ओट्यावर बसून आम्हाला सांगत. दरीच्या तळाशी म्हणे एक झोपडी होती. तिथं एक बुढा, एक बुढी आणि एक बकरी.

गल्ली त्या बातमीची वाट पाहायची. "आज बुढ्याच्या पायात काटा गेला," काका म्हणाले की भाजीवाल्या बेबीताई आपल्या दारातून ओरडत, "बिब्याचा चटका दे म्हना त्याले!" दुसऱ्या दिवशी काका सांगत, "देल्ला. उतार हाय." एकदा बकरी हरवली तर आमच्याकडे दोन दिवस कोणाला जेवण गोड लागलं नाही. सगळ्यात जास्त वेळा येणारी बातमी म्हणजे बुढी रुसली. "काहून रुसली?" असं काका काकूंना विचारत. काकू म्हणत, "तेवढं इतक्या दुरून ऐकू येते काय?"

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. काकांनी जीप विकली. हॉर्न तेवढा राहिला. दरीतली बातमी बंद झाली आणि कोणी विचारलीही नाही.

यंदा पाऊस ओसरल्यावर आम्ही सात बायांनी चिखलदऱ्याला जायचं ठरवलं. बेबीताई काकांना म्हणाल्या, "तुमी चलाच. त्या झोपडीचा पत्ता तुमच्याबिगर कोनाले मालूम?" काका दोन दिवस नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून भाड्याच्या गाडीपाशी हजर. हातात पिशवी, पिशवीत चहापत्तीचा पुडा आणि अर्धा किलो साखर.

"एखादा गुराखी खाली जानारा भेटला तं पाठवू," ते म्हणाले. "बुढाबुढीले."

वरचा शेवटचा पॉइंट एका सोंडेच्या टोकाला आहे. दोन्हीकडं दरी आणि मधून एकामागं एक चालण्याएवढी पायवाट. काकांनी आम्हाला लायनीत लावलं. "ओव्हरटेक कोनी कराचं नाई. वळनावर हारन." स्वतः सगळ्यात मागं राहिले, नजर आमच्या टाचांवर. समोरून फोटो काढत एक जोडपं आलं, तर काकांनी हात वर केला. "चढनाऱ्याले आधी साइड! घ्या रिव्हर्स!" बिचारे खरंच मागं मागं गेले. सात बाया तोंडानं पों पों करत टोकाला पोचलो. बेबीताई तर ट्रकचा हॉर्न काढत होत्या.

लायनीत मी पहिली, म्हणून कठड्यापाशीही मीच पहिली. धुकं हललं आणि मी खाली पाहिलं.

इतकं खोल मी कधी पाहिलं नव्हतं. तळातलं सागाचं जंगल कोथिंबिरीच्या जुडीसारखं दिसत होतं. झोपडी कुठंच नव्हती. आणि असती तरी काय, तिथं हत्ती उभा केला असता तरी दिसला नसता. बुढ्याच्या पायातला काटा इथून कसा दिसणार?

काकू इतकी वर्षं झोपडीच्या नावानं काकांना काय सांगत होत्या, ते मला तेव्हा समजलं. बाकीच्या बायांनाही समजलं असावं, कारण त्या दरी सोडून एकमेकींकडं पाहू लागल्या.

काका मागं उभे होते. दरीकडं पाठ, तोंड खडकाकडं, पिशवी छातीशी. "दिसले काय वो?" त्यांनी विचारलं.

बेबीताईंनी तोंड उघडलं. त्यांच्या तोंडाला ब्रेक नाही, हे गल्लीला ठाऊक आहे. झोपडी नाही हे आता काकांना कळणार, म्हणून मीच आधी बोलले.

"दिसले ना."

माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"काय करून राहिले?"

"बाहीर बसले. च्या पिऊन राहिले."

"दोघं?"

"दोघंई."

बेबीताईंनी माझ्याकडं पाहिलं, मग काकांच्या पाठीकडं. म्हणाल्या, "अन् बकरी कशी माजली पाहा बाप्पा! हत्तीन झाली, हत्तीन!"

काका हसले. वळून मात्र पाहिलं नाही. "बरं झालं," ते म्हणाले. "तीन वर्षं झाले, कोनी सांगतच नवतं."

त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही. येताना ते ड्रायव्हरशेजारी बसले आणि प्रत्येक वळणाला त्याच्या आधी हॉर्न दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात "पों!" हातात तीच पिशवी. "खाली जानारा कोनी भेटला नाई. तूच च्या मांड."

मी आधण ठेवलं. काका पाटावर टेकले. थोड्या वेळानं विचारलं, "काय खबर?"

मी साखर टाकत होते. म्हटलं, "बुढी रुसली."

"काहून?"

"बुढा कामातून मान वर करत नाई म्हने. तिच्याकडं पाहातच नाई."

मी चहा दिला. काका बशीवर फुंकर घालत राहिले. चहा केव्हाच निवला होता.

"पाहीन म्हनते थो," ते म्हणाले. "सांगजो तिले."

आणि जाताना दारात हॉर्न द्यायला विसरले.