अठरा वर्षांची रीत

किसनतात्यांना नवा माणूस भेटला की ते नाव-गाव विचारत नसत. "तुमच्याकडं मयताचं डोकं कोण्या दिशेला ठिवतात?" हा त्यांचा पहिला प्रश्न. शिरूर कासार तालुक्यातल्या त्यांच्या गावात, दूध संस्थेत मी चिटणीस म्हणून गेलो, तेव्हा मलाही त्यांनी हेच विचारलं. पहिल्याच दिवशी माझी अशी सोय लागली.

तात्या संस्थेचे जुने संचालक. दुष्काळानं गुरं चारा छावणीत गेलेली, दूध निम्म्यावर आलेलं, त्यामुळे संस्थेत काम कमी आणि तात्या जास्त. बारशाला आत्या कुठं बसते, कोणत्या भावकीत गूळ वाटतात आणि कोणत्या भावकीत साखर, हे सगळं त्यांना तोंडपाठ. वाद झाला की लोक त्यांच्याकडे येत. "आपल्याकडं असंच असतंय," एवढं म्हणून तात्या निकाल देत. दुसऱ्यांनाही नावं ठेवत नसत. "ज्याची त्याची रीत, चिटणीस. तिकडं त्यांचं बरूबर, हिकडं आपलं."

मी बीडजवळच्या पालीचा, बौद्ध. माझ्या चहाचा ग्लास खिडकीत वेगळा असे आणि तो मीच विसळायचा. तात्या त्यात वरून, पण मोठ्या मायेनं चहा ओतायचे. मला त्या मायेचाच जास्त राग यायचा.

"तात्या, पालीचा माणूस आन् शिरूरचा माणूस वेगळा असतो का?"

"माणूस त्योच. रीत येगळी."

नववीतली सोनाली रोज सकाळी दूध घालायला यायची. एकदा तिनं किटली ठेवली आणि हळूच म्हणाली, "सर, परवा माझी सुपारी फोडणार हायेत. तुमी कायतरी करा." ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला होता. मुकादम एकट्या गड्याला घेत नाही, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुलाकडच्यांना सून नको होती, कोयता पुरा करायचा होता.

ती गेल्यावर मी तात्यांजवळ पोलिसांत तक्रार करायची भाषा केली.

"करा की," तात्या म्हणाले. "दुसऱ्या गावात जाऊन लगीन उरकतेल. आपल्याकडं पहिल्यापासून असंच असतंय."

माझं डोकं सणकलं. "ही रीत पाडताना पोरींना विचारलं होतं का? एका तरी पोरीला?"

तात्यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला आणि उठून गेले.

सुपारीला मीही गेलो. सुपारी फुटलीच तर तिथूनच पोलिसांना कळवायचं ठरवून गेलो होतो. पंचमंडळी बसली, ताट आलं, नारळ आधी कुणी द्यायचा म्हणून सगळे तात्यांकडे बघू लागले. तात्या उभे राहिले.

"थांबा. दुष्काळी वर्साला अठराच्या आतली पोर उजवायची न्हाई, अशी आपल्या भावकीत रीत हाय. उजवली तर उसाच्या फडात कोयता पायावर पडतो."

कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "तात्या, जुन्या काळी वय कोण मोजत व्हतं?"

"मोजत न्हवतेच. पर रीत व्हती."

मी ओठ चावून हसू दाबलं. मुलाच्या बापाचा चेहरा मात्र उतरला. पायावर कोयता कोण ओढवून घेणार? सुपारी मोडली. आठ दिवसांत त्या लोकांनी दुसऱ्या गावची, दुसऱ्या भावकीतली पोर करून नेली, आणि ती तेरा वर्षांची होती म्हणे. सोनाली शाळेत राहिली, एवढंच आमच्या हातात आलं.

त्या दिवशी परतताना मी तात्यांना गाठलं. "कुठल्या गावची रीत काढलीत ही?"

"कुठलीच न्हाई."

तात्या वेशीजवळ थांबले. "माजी लेक शेवंता चौदाव्या वर्साला दिली. माजलगावकडं फडावर बाळंत झाली. ती बी गेली, लेकरू बी गेलं. लोक म्हणले, रीतीनंच दिलती, तात्या, तुमचा काय दोष. त्याच्यावरच जगलो बगा इतकी वर्सं."

मी त्यांचा हात धरला.

"तुमी परवा इचारलं ना, एका तरी पोरीला इचारलं व्हतं का म्हणून?" तात्या म्हणाले. "इचारायची गरजच पडली न्हाई. ती सोता म्हणलती, बाबा, मला नका धाडू."