डॉक्टरकाकांचे बुवा

डॉक्टर खानझोडे रेडिओ ऐकायला टाय लावून बसतात. दर रविवारी दुपारी तीन वाजता, स्वतःच्याच घरात, कोट, टाय आणि पायात पॉलिश केलेले बूट. रेडिओसमोर नागपूरहून आणलेला पाट, पाटावर जुना टेपरेकॉर्डर, त्याचं तोंड रेडिओकडे. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा कारण विचारलं. म्हणाले, "मग काय बनियनवर बसू बुवांसमोर?"

बुवा म्हणजे कुणी कीर्तनकार नव्हेत. गेल्या शतकातले एक इंग्रज संगीतकार. मोठ्या माणसाचं नाव घेऊ नये म्हणून डॉक्टरकाका त्यांचं नाव घेत नाहीत, त्यामुळे मीही घेत नाही. बुवांनी इथली, म्हणजे विलायतेतली, कुरणं, धुकं आणि ढगाळ दुपारी यांवर फार संथ आणि फार लांब असं काहीबाही लिहून ठेवलंय. "बुवांचा विलंबित ऐक," काका म्हणतात. "या गोऱ्यांना वाटते तो त्यांचा आहे. आपला आहे बाप्पा तो!"

काका वॉटफर्डच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. आता निवृत्त आहेत. त्यांच्या आणि आमच्या घराची मधली भिंत एकच, त्यामुळे बुवा आम्हालाही सक्तीचे. माझी बायको अश्विनी म्हणते, ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना झोपवलं, त्याची सवय अशी एकदम कशी सुटेल?

बुवांची एकच सिंफनी त्यांच्याकडे एकोणीस वेळा रेकॉर्ड केलेली होती. दर वेळी कंडक्टर वेगळा, आणि प्रत्येकावर काकांचा शेरा. "हा घाई करते. ट्रेन पकडायची असेल याला." मी एकदा सुचवलं, की काका, रेडिओला वायर जोडली तर सरळ स्वच्छ रेकॉर्ड होईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बुवांना ऑटोट्यून लावायला सांगतोय. "वायरीतून हवा येत नाही, सुमेध. रेकॉर्डिंगमध्ये घरची हवा पाहिजे."

घरच्या हवेबरोबर बाकीही बरंच यायचं. दाराची बेल, कुकरच्या शिट्ट्या, कुसुमकाकू. काकूंना जाऊन नऊ वर्षं झाली. आम्ही इथे आलो सहा वर्षांपूर्वी, म्हणजे मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं. पण येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला काका कॅसेट लावून ऐकवायचे. बोट वर करून म्हणायचे, "आता बघ. आता ही घात करते." बुवा अगदी हळुवार जागी येऊन पोचले की कुकर किंचाळायचा, आणि मागोमाग काकू, "अहो, वरण थंडं होऊन राहिलं ना!" काका कपाळावर हात मारायचे. "केला की नाही सत्यानाश? पूर्ण मूव्हमेंट वाया!"

हे मी इतक्यांदा ऐकलं, की मला त्यांची दया येऊ लागली. माझी चूक इथे सुरू होते. तक्रार नुसती ऐकूनही घ्यायची असते, हे आयटीतल्या माणसाला कळत नाही. तो लगेच तक्रारीचं तिकीट उघडतो आणि दुरुस्तीला लागतो.

काकांच्या पंच्याहत्तरीच्या निमित्ताने मी त्यांच्या छत्तीस कॅसेट्स घरी आणल्या. "कॉम्प्युटरवर घालून देतो," एवढंच सांगितलं. तीन वीकेंड मी त्यातच घातले. नवीन एआयवालं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात प्रत्येक आवाज स्क्रीनवर वेगळा दिसतो, तो निवडायचा आणि काढून टाकायचा. मी शिट्ट्या काढल्या, बेल काढली, पातेल्यांचा खणखणाट काढला. एका ठिकाणी काकू फोनवर कुणाशी तरी बोलताना खळखळून हसत होत्या. ते हसणं इतकं छान होतं की मीही हसलो. मग तेही काढून टाकलं.

मूळ फाइल्स जागा खात होत्या, म्हणून उडवल्या. ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसात बॅकअपवर लेक्चर द्यायला मलाच बोलावतात, हेही सांगून टाकतो. कॅसेट्स मी कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा केंद्रावर, रीतसर स्लॉट बुक करून टाकून आलो. अश्विनी म्हणाली होती, "अरे, त्यांना विचारून तरी टाक." मी म्हणालो, "सरप्राइज आहे."

रविवारी तीन वाजता मी पेनड्राइव्ह आणि स्पीकर घेऊन गेलो. काकांनी माझ्यासाठीसुद्धा एक टाय काढून ठेवला होता. मी तो लावला. बुवा सुरू झाले. धूळ झटकलेल्या खिडकीसारखा लख्ख आवाज. काका खूश झाले, मान डोलवू लागले. मग ती हळुवार जागा जवळ आली. काकांनी बोट वर केलं.

"आता," ते म्हणाले.

काहीच आलं नाही. व्हायोलिनं पुढे निघून गेली. काकांचं बोट तसंच वर.

"आता," ते पुन्हा म्हणाले, जरा हळू.

मग त्यांनी माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, "अरे, आमची ही कुठे गेली?"

मी म्हणालो, "काका, तो नॉइज होता ना, म्हणून मी..."

"हां हां," ते घाईने म्हणाले. "छान केलं. मेहनत केली तू." आणि थोड्या वेळाने, "कॅसेट आहेत ना पण?"

"आहेत," मी म्हणालो. "घरीच आहेत."

धडधडीत खोटं. वर त्यांचाच टाय लावून.

सोमवारी सुट्टी टाकून टिपवर गेलो. तिथला माणूस म्हणाला, त्या दिवशीचा माल त्याच संध्याकाळी गेला. मी कंटेनरमध्ये वाकून पाहायला लागलो तेव्हा त्याने मला बाहेर काढलं. पुढचे दोन दिवस मी मागच्या दाराने ये-जा केली. भिंतीपलीकडून बुवांचा आवाज नाही, कसलाच नाही. अश्विनी रागावली असती तर बरं वाटलं असतं, पण ती फक्त म्हणाली, "जाऊन सांग."

बुधवारी गेलो. दारातच सगळं सांगितलं. कॅसेट्स, फाइल्स, रविवारचं खोटं, सगळं. काका ऐकत होते, ऑपरेशनआधी पेशंटचं ऐकत असतील तसे.

"टिप म्हणजे ते कचऱ्याचं?"

"हो काका."

त्यांनी मला दोन शिव्या द्याव्यात, दार तोंडावर आपटावं, असं मला मनापासून वाटत होतं. ते म्हणाले, "आत ये. थंडी आहे."

चहा त्यांनीच केला. मग ते वर गेले आणि बुटांचा एक खोका घेऊन सावकाश जिना उतरले. खोक्यात वीस-बावीस कॅसेट्स होत्या, प्रत्येकीवर त्यांच्या बारीक अक्षरात तारीख.

"याही घालून दे कॉम्प्युटरवर."

माझे डोळे भरून आले. "काका, शपथ सांगतो, या वेळी मी एक आवाजसुद्धा काढणार नाही. कशालाही हात लावणार नाही."

"अरे, लाव ना," काका खोका माझ्या मांडीवर ठेवत म्हणाले. "या ती गेल्यानंतरच्या आहेत. यात काढण्यासारखं काहीच नाही."