भास्करनानांची एकच पट्टी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या भास्करनानांच्या सिंथेसायझरला चांगल्या पाच सप्तकांच्या पट्ट्या आहेत आणि नाना त्यातली एकच वाजवतात. टंग. मग काहीतरी फिरवतात. टुंग. पुन्हा फिरवतात. मी शाळेत पोरांना शिकवून, डोकं उठवून घरी यावं आणि खालून हे सुरू व्हावं! तोंडाची मी फटकळ, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. नाना तेवढे मला घाबरत नाहीत.

नाना मूळचे साक्रीकडचे. जळगावात डाळ मिलमध्ये फिटर होते आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात हा सिंथेसायझर वाजवायचे. आता दोन्ही सुटलं. पहिल्यांदा मी भांडायला गेले, तर मलाच खुर्ची देऊन त्यांनी शिकवणी घेतली.

"ताई, यात दोन लाटा. पहिली आवाज काढस. दुसरी कधी ऐकूच येत नाही, ती फक्त पहिलीला हलवते."

दुसरीने थोडं हलवलं तर आवाज बासरीसारखा गोल, जोरात हलवलं तर पितळी. दुसरीचा वेग पहिलीच्या दुप्पट-तिप्पट असा धड ठेवला तर आवाज सुरात, साडेतीनपट केला की घंटा. मी म्हटलं, नाना, माझं डोकं किती पट झालंय तेही बघा. ते मनापासून हसले, बायकोकडून, शेवंताअक्कांकडून, चहा मागवला, आणि मी जिना चढते न चढते तोच पुन्हा टंग.

नानांना जगातलं सगळं, त्यांच्या भाषेत बठ्ठं, दोन लाटांतच दिसतं. समोरच्यांच्या सत्यनारायणाला त्यांनी भटजींच्या हातातली घंटा घेतली, कानाशी धरून वाजवली, "साडेतीनपट शे," म्हणाले आणि परत दिली. भटजी पुढचा अध्यायच विसरले. वांग्याचं भरीत तिखट झालं तरी म्हणणार, "दुसरी लाट जास्त हलली."

गेल्या हिवाळ्यात मात्र मी ठरवूनच खाली उतरले. आज काय तो सोक्षमोक्ष. दार उघडंच होतं. अक्का खिडकीशी पाठमोऱ्या बसून मेथी निवडत होत्या. नाना पट्टी दाबत आणि अक्कांच्या पाठीकडे बघत. पाठ हलत नसे. नाना खुंटी फिरवत, पुन्हा दाबत, पुन्हा बघत. मी दारातच थांबले.

नानांनी मला खुणेनं बसवलं. अक्कांचे कान वर्षभरापासून जात होते. आधी बारीक आवाज गेले: दारावरची बेल, कुकरची शिटी, पाखरं. मशीन आणलं होतं, पण ते लावलं की अक्कांचं डोकं गरगरायचं, म्हणून ते कपाटात पडलं. एवढी हसतमुख बाई, मला कधी शंकाही आली नाही.

"हाक मारायची तर ओरडावं लागस," नाना म्हणाले. "ओरडलो का तिले वाटस, मी चिडलो. जलमभर कधी चढ्या आवाजात बोललो नाही हो तिच्याशी. आता या वयात बोलू?"

 मी खुर्ची सिंथेसायझरजवळ ओढली.

हाकेऐवजी वाजवायला अक्कांना ऐकू येईल असा आवाज नाना शोधत होते; बारीक आवाज पोचत नव्हते, म्हणून घंटा त्यांनी केव्हाच सोडली होती. आता त्यांनी पट्टी पार डावीकडची धरली, दुसरी लाट अगदी कमी केली, मग केसभर वाढवली. पट्टी दाबली. डुबुक. जाडसर, ओबडधोबड, डोंगरात चरणाऱ्या गुरांच्या गळ्यात लाकडी घंटा असते ना, तसा.

अक्कांचा हात मेथीवर थांबला. नानांनी पुन्हा दाबली. डुबुक. अक्का सावकाश वळल्या. तोंडावर असं हसू, की जणू परकर नेसलेली पोर आपल्या माहेरच्या, साक्रीकडच्या अंगणात उभी आहे.

"गाय उनी का?" त्यांनी विचारलं, गाय घरी आली का म्हणून.

नानांचा चष्मा धुरकटला. पट्टीवरचं बोट त्यांनी उचललंच नाही.

"उनी," ते म्हणाले. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं इतक्या हळू. ते अक्कांना ऐकू गेलं नसणारच. पण मेथी बाजूला सारून त्या उठल्या होत्या आणि नानांकडेच येत होत्या.